हा घास सरदारचा

१

केदारला कुणी घोरपडीबद्दल विचारलं की तो आधी शेपटीबद्दल बोलायचा. तोंडाकडे बघू नका, म्हणायचा. भूक, राग, भीती, सगळ्याला तिचा एकच चेहरा. शेपटी मात्र काही लपवत नाही. जमिनीवर सैल पडली असेल तर स्वारी खुशीत आहे. मुळापासून वाकवून अंगाशी आडवी धरली आणि गळा फुगवला, की समजावं, ती घाबरली आहे आणि आणखी जवळ गेलात तर फटका बसेल. आणि सगळं अंग दगडासारखं गप्प, फक्त शेपटीचं शेवटचं बोटभर टोक डावी-उजवीकडे हलतंय, असं दिसलं की तिने सावज हेरलंय. ते हलणं थांबलं की पुढच्या क्षणी झडप.

पार्टीत लोक हे ऐकून हसायचे, मग हळूच आपापल्या मुलांना जवळ ओढायचे. टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये देशी माणसं कुत्री पाळतात, फार तर मासे. एनर्जी कंपनीत पाइपलाइनचं प्रेशर सांभाळणारा, चारचौघांसारखा इंजिनिअर घरात चार फुटी आफ्रिकन घोरपड, म्हणजे मॉनिटर लिझर्ड, बाळगतो, याचं लोकांना नवल वाटायचं. केदारला मात्र त्यात काही विशेष वाटत नसे. इथल्या घरांना पुढच्या दाराशी एक फॉर्मल डायनिंग रूम असते, आणि त्यात बसून कुणी मराठी कुटुंब जेवल्याचं ऐकिवात नाही. ती खोली रिकामीच होती. त्याने तिथे भिंतभर काचेचं घर बांधलं, त्यात गुडघाभर माती भरली, वर तापणारे दिवे लावले आणि घोरपड नर होती म्हणून तिचं नाव ठेवलं सरदार.

उल्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, एका अटीवर हे चालवून घेतलं होतं. सरदारसाठी गॅरेजमध्ये जो झुरळांचा डबा ठेवलेला असे, त्याचा विषय तिच्या माहेरी कधीही निघता कामा नये.

सरदारला खायला घालायची केदारची एक शिस्त होती. हाताने कधी नाही. आधी लांब चिमट्याने स्टीलच्या वाडग्यावर टकटक करायची. तो आवाज झाला म्हणजे खाणं येणार, एरवी काचेत हात आला तरी तो हातच, खाणं नव्हे, हे जनावराला कळावं म्हणून. सरदार हुशार होता. टकटक ऐकली की बिळातून बाहेर यायचा, कोपऱ्याशी थबकायचा आणि शेपटीचं टोक हलू लागायचं.

२

उल्काला पुन्हा दिवस गेले आणि सहावा महिना लागला तेव्हा केदारच्या आई नागपूरहून आल्या. मोठी मुलगी आन्या तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती आणि खाण्याच्या नावाने शंख. भात थुंकायची, पोळी फेकायची, चीजचा तुकडा तोंडात धरून तासभर हिंडायची. उल्का रडकुंडीला आली होती.

"अगं, असं एका जागी बांधून का कुठे लेकरू जेवतं?" आई म्हणाल्या. त्यांनी आन्याला हाय चेअरमधून उचललं, कडेवर घेतलं आणि वरणभाताची वाटी घेऊन मागच्या अंगणात गेल्या. काऊ दाखवावा, चिऊ दाखवावी, हा घास काऊचा, हा घास चिऊचा करत वाटी संपवावी. त्यांनी स्वतःची दोन्ही मुलं अशीच वाढवली होती. पण टेक्सासचा जुलै. बाहेर भट्टी पेटलेली, चिटपाखरू नाही. गवत कापणाऱ्या मशीनचा आवाज तेवढा कुठूनतरी येत होता. डासांनी पोरीला दोन मिनिटांत फोडून काढलं आणि आई आत आल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढच्या खोलीत, काचेसमोर, सतरंजी टाकली.

"तो बघ सरदार! बसलाय की नाही शहाण्यासारखा? हा घास सरदारचा. आ कर."

आन्याने आ केला. वाटी संपली. उल्काने दारातून ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केदारनेही हात जोडले. आईंनी चमचा वाटीवर वाजवायचा, पोरीने काचेकडे वळायचं, आणि घासामागून घास. सुरुवातीला आई बदलून बदलून नावं घ्यायच्या. पुढे पुढे काऊ-चिऊच्या घासाला पोरगी तोंडच उघडेना. मग सगळे घास सरदारचे झाले.

एवढंच, की चमचा वाजला की काचेपलीकडे सरदारही बाहेर यायचा. केदारच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. तोच स्टीलचा आवाज, त्याचीच चूक. त्याने आईला प्लास्टिकचा चमचा आणून दिला. आई तो वापरायच्या, आणि विसरून कधी बांगडी वाटीवर वाजायची, कधी नख. सरदार कोपऱ्यात येऊन थांबायचा, शेपटीचं टोक हलायचं, समोर त्याच्या नावाचा घास आन्याच्या तोंडात जायचा.

"बिचाऱ्याला वाटत असेल, मला कधी देणार," उल्का हसून म्हणाली.

३

सप्टेंबरात कधीतरी केदार कॉलवर असताना त्याचं सहज लक्ष गेलं. लॅपटॉप घेऊन तो जिन्यावर बसला होता. तिथून पुढची खोली सरळ दिसते. आई भरवत होत्या. आन्या घास घेत होती, हनुवटी वर करत होती, मान ताणून दोन झटके देत होती आणि पुन्हा तोंड उघडत होती.

ती चावत नव्हती.

कॉल संपल्यावर त्याने आईला विचारलं.

"मऊ भात आहे रे, त्याला काय चावायचं?" आई म्हणाल्या. "कशी पटापट खाते ते बघ की. तू काय होतास, गालफडात घास ठेवून झोपायचास."

त्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. संध्याकाळी त्याने मुद्दाम सफरचंदाची फोड तिच्या हातात दिली. आन्याने ती तोंडात घातली, मान वर केली आणि ती गिळायला लागली. फोड घशात अडकली. त्याने बोट घालून ती काढली तेव्हा तिच्यावर दाताची एकही खूण नव्हती. आन्या रडली नाही की खोकली नाही, फक्त त्याच्या बोटाकडे बघत राहिली.

त्याच सुमारास सरदारने खाणं टाकलं. उंदीर तसाच पडून राहायचा, झुरळं सरदारच्या पाठीवरून फिरायची. केदारने दिवे बदलले, माती बदलली, ओलावा मोजला. ह्यूस्टनच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, रक्त तपासलं, म्हणाला, जनावर ठणठणीत आहे, मनावर काही ताण असेल. सरदारच्या कमरेची हाडं दिसू लागली. शेपटीत साठवलेली चरबी उतरली आणि तिची कातडी सैल सुटली.

आन्याच्या गालांवर मात्र बाळसं चढलं होतं. बालरोगतज्ज्ञ खूश झाली. आईंनी पोरीची दृष्ट काढली.

४

नंतर सरदारची शेपटी बदलली.

चमचा वाजला की तो आता कोपऱ्यात येईना. तो मागच्या भिंतीला चिकटायचा, अंग आडवं करायचा, गळा फुगवायचा आणि शेपटी मुळापासून वाकवून धरायचा. फुत्कार काचेबाहेर ऐकू यायचा. आणि ही सगळी तयारी कुणासाठी, तर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या, लाळेरं बांधलेल्या एका पोरीसाठी.

केदारने हे अर्थातच वेगळं वाचलं. नर वयात आलाय, आक्रमक झालाय, मूल दिसलं की खवळतो. शेपटीची भाषा त्याला येत होती. घाबरलेलं जनावर असं उभं राहतं, हे तोच सगळ्यांना सांगत आला होता. पण चार फुटांची घोरपड दोन वर्षांच्या मुलीला घाबरते, हे वाक्य मनात पूर्ण करायला तो धजला नाही.

एका सकाळी उल्काने हाक मारली. आन्या मागच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पालथी पडली होती, हातपाय पसरून, गाल फरशीला टेकवून. एसी गार होता, ऊन तेवढं गरम होतं.

"रोज पडते इथे," उल्का कौतुकाने म्हणाली. "अंग तापलं की उठते आणि खेळायला लागते. किती गुणी आहे रे, एकटी राहते."

केदारच्या मनात पाल चुकचुकली. त्याने ती हाकलून दिली. मुलं नक्कल करतात. शेजारच्या लतिकाचा मुलगा वर्षभर कुत्र्यासारखा भुंकत होता, आता शाळेत जातो. ही रोज घोरपड बघत जेवते, तर घोरपडीचीच नक्कल करणार, यात न समजण्यासारखं काय आहे? असं त्याने स्वतःला समजावलं, आणि त्या दिवशी ऑफिसला जाताना आन्याचा पापा घ्यायला वाकल्यावर त्याला जाणवलं की आपण श्वास रोखून धरलाय.

रात्री जेवताना उल्काने विषय काढला. "बाळ यायच्या आत तो घरातून गेला पाहिजे, केदार. तो काचेवर शेपटी आपटतो आन्याला बघून. उद्या काच फुटली तर?"

"जाईल," केदार म्हणाला. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

५

शिव नावाचा एक मुलगा ह्यूस्टनला पीएचडी करत होता, सरपटणाऱ्या प्राण्यांवरच. तो येऊन सरदारला घेऊन गेला. पेटीत घालताना सरदारने ना फटका मारला, ना चावा. स्वतःच आत शिरला आणि लांबच्या टोकाला जाऊन बसला. आन्या आईंच्या पदराशी उभी राहून बघत होती.

"बाय म्हण सरदारला," आई म्हणाल्या.



पुढच्या आठवड्यात मुलगा झाला. घरात नातलगांचे फोन, डिंकाचे लाडू, न झोपलेली माणसं. पुढच्या खोलीतलं काचेचं घर गिऱ्हाईक मिळेपर्यंत तसंच राहिलं, मातीसकट. दिवे बंद होते. आन्याला भरवायची वेळ झाली की आई तिथेच सतरंजी टाकायच्या.

"आता सरदार कुठाय, आई?" केदारने विचारलं.

"लेकराला सवय झालीय रे. तो नसला तरी नाव घेतलं की आ करते." आणि त्या पुन्हा आन्याकडे वळल्या. "हा घास सरदारचा."

केदार स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचा. नखाची टकटक. आईचा आवाज. मग क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा टकटक.

शिवचा फोन आला तेव्हा केदार गाडीत होता.

"दादा, एकदम मस्त आहे तो! आल्या दिवशीच उंदीर खाल्ला, दुसऱ्या दिवशी अजून दोन. यार, इतका शांत मॉनिटर मी पाहिला नाही. शेपटी एकदम रिलॅक्स्ड."

"बरं झालं," केदार म्हणाला.

"एक विचारू? तुमच्याकडे आणखी कुठला प्राणी होता का? मांजर वगैरे? मी पेटी उघडली तेव्हा तो बाहेरच येईना. म्हणजे, शिकार होणारा प्राणी बसतो ना, तसा बसला होता. मॉनिटर असं नाही करत सहसा."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. केदारने, नाही, दुसरं काही नव्हतं, असं सांगून फोन ठेवला. उरलेला रस्ता तो सावकाश गेला. घरी लवकर पोहोचावं असं त्याला वाटत होतं, आणि पोहोचू नये असंही.

दार उघडलं तर हॉलमध्ये सगळं छान चाललं होतं. सोफ्यावर उल्का डुलक्या घेत होती. खाली गालिच्यावर बाळ झुलत्या खुर्चीत पाय मारत होतं. आणि थोड्या अंतरावर आन्या पालथी होती, हनुवटी गालिच्याला टेकलेली, नजर बाळावर. तिचा उजवा हात मागे पाठीवरून सरळ ताणलेला होता. चारही बोटं एकत्र जुळलेली. बोटांची फक्त टोकं हलत होती, डावीकडे, उजवीकडे.

"आन्या!" तो ओरडला.

ती उठून बसली, हसली आणि "बाबा!" म्हणून पळत आली. त्याने तिला उचललं. तिच्या केसांना बेबी शॅम्पूचा वास येत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने तिला बराच वेळ खाली ठेवलं नाही.

६

उल्काची तपासणी दुपारी होती. आई तिच्याबरोबर गेल्या. मुलांजवळ केदार. "बाळ झोपलेलं आहे, उठलं तर बाटली गरम कर. आन्याला तेवढं भरव," उल्का म्हणाली आणि गॅरेजचं दार घरघरत बंद झालं.

त्याने मनाशी ठरवलं होतं. आन्याला त्याने पुढच्या खोलीत नेलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हाय चेअरमध्ये बसवलं, पट्टा लावला, वरणभात कालवला. बाळाचा पाळणा पलीकडे सोफ्याजवळ होता, दिसेल असा. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. एसी सुरू व्हायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"हा घास काऊचा."

आन्याने तोंड उघडलं नाही.

"बरं, चिऊचा. चिऊताईचा."

नाही.

"आजीचा? मम्माचा?" त्याचा आवाज त्यालाच लाडीगोडीचा वाटला. मग त्याने घास खाली घेतला आणि म्हणाला, "हा घास आन्याचा. माझ्या आन्याचा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याने भलत्याच कुणाची चौकशी करावी आणि आपण सभ्यपणे ऐकून घ्यावं, तसं ते पाहणं होतं. तोंड मिटलेलंच होतं. कुठलं नाव घेतलं की ते उघडेल, हे केदारला ठाऊक होतं. त्याने ते घेतलं नाही. वाटी टेबलावर ठेवली.

पाळण्यात बाळ झोपेत कुरकुरलं.

आन्याची मान वळली. फक्त मान. बाकीचं अंग जसंच्या तसं राहिलं. उजवा हात खुर्चीच्या मागे गेला आणि बोटं जुळली.

नक्कल आहे, केदारने स्वतःला सांगितलं. नवं भावंड आलंय, लक्ष वेधून घेतेय. पुस्तकात लिहितात ते हेच. तो हे सगळं शब्दाशब्दाने मनात म्हणत होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याला तिचा गळा दिसला. हनुवटीखालची मऊ कातडी आत-बाहेर होत होती, भराभर, आणि छाती मात्र वेगळ्याच, संथ तालात वरखाली होत होती.

बोटं थांबली.

आपण खुर्चीवरून कधी उठलो, हे त्याला नंतर आठवलं नाही. बाळ त्याच्या हातात होतं, छातीशी गच्च, दचकून रडायला लागलेलं. वाटी पडल्याचा आवाज मागून आला, तोही उशिरा आल्यासारखा. तो वळला. हाय चेअर रिकामी होती. पट्टा लावलेलाच होता, त्याची कडी बंद होती. आन्या पाळण्याशी उभी होती. पावलांचा आवाज त्याने ऐकला नव्हता. पाळण्यातलं दुपटं तिने ओढून घेतलं होतं आणि त्याचं टोक तिच्या तोंडात होतं. ती हनुवटी वर करत होती.

"आन्या, सोड," तो म्हणाला.

तेवढ्यात गॅरेजचं दार घरघरलं. चपलांचे आवाज, आईंचं बोलणं, पिशव्या ठेवल्याचा आवाज. आन्याच्या तोंडातून दुपटं गळून पडलं. तिचा ओठ थरथरला आणि ती रडायला लागली, मोठ्यांदा, नाक वाहत, कुठलंही मूल रडतं तशी.

"अरे, काय झालं?" उल्का धावत आत आली. "दोघंही रडतायत! भात सांडलाय! केदार?"

तो काय सांगणार होता? पट्ट्याबद्दल? गळ्याबद्दल? शब्द जुळवून पाहिले तर ते एका वेड्या माणसाचे शब्द होते, आणि समोर ओली बाळंतीण उभी होती, तिचीच लेक तिच्या पायाशी हुंदके देत होती.

"जेवली नाही वाटतं," आई म्हणाल्या आणि ओट्यावरची दुसरी वाटी घ्यायला वळल्या. "थांबा, मी भरवते."

आन्या मात्र आजीकडे गेली नाही, उल्काकडेही नाही. रडत रडत ती केदारपाशी आली, त्याच्या पायांना भिडली आणि दोन्ही हात वर केले.

"बाबा, अप. बाबा, मला पण."

चालायला लागल्यापासून तिने कितीदा असे हात वर केले असतील. ऑफिसमधून दमून आलेला असो, फोनवर असो, हातात उकळता चहा असो, त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. ही त्याची मुलगी होती. तिचे डोळे सुजले होते, गालाला भात लागला होता, आणि तिच्यावर त्याचा इतका जीव होता की त्याचे गुडघे आपोआप वाकू लागले.

"घे ना तिला," उल्का म्हणाली. "बाळाला माझ्याकडे दे. केदार, अरे, घे तिला!"

आन्याचे हात वरच होते. ती वाट बघत होती.

केदार सरळ उभा राहिला आणि त्याने बाळाला आणखी वर, खांद्यावर घेतलं. उल्का त्याच्याकडे बघत होती.